डेडस्टॉकमधली जिवंत यंत्रं

निर्लेखन हा सरकारी मराठीतला शब्द. शाळेतली किंवा कचेरीतली वस्तू निकामी झाली, की समिती बसते, ठराव होतो आणि डेडस्टॉक रजिस्टरमधून त्या वस्तूचं नाव कमी होतं. खुर्चीचा पाय मोडला, निर्लेखन. पंखा जळाला, निर्लेखन. गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या गावच्या शाळेत या यादीत अकरा कॉम्प्युटर आले. कारणाच्या रकान्यात एकच शब्द अकरा वेळा लिहिला होता: ‘कालबाह्य’.

मी संगणक कक्षात गेले, कापडी आवरणं काढली आणि एकेकाचं बटण दाबलं. अकरातले आठ सुरू झाले.

जे सुरू होतं ते कालबाह्य कसं? मुख्याध्यापक सरांनी पडद्याकडे बोट केलं. अपडेटच्या पानावर इंग्रजीत सूचना होती, या यंत्रावर विंडोज ११ चालणार नाही. “ताई, कंपनीच म्हणतेय. आपण काय करणार?” सरांच्या टेबलावर नव्या अकरा यंत्रांचं कोटेशन आधीच येऊन पडलं होतं.

‘कंपनीच म्हणतेय’ या दोन शब्दांवर आज लिहायचं आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची मोफत देखभाल थांबवली. त्या दिवशी कुठलंही यंत्र बिघडलं नाही. आदल्या दिवशी जे चालत होतं ते दुसऱ्या दिवशीही चाललं. फरक इतकाच, की सिस्टीममध्ये नवं भोक सापडलं तर ते बुजवणारा माणूस आता येणार नाही. ज्यांना तो हवा त्यांना घरगुती यंत्रासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत मिळाली. त्यासाठी ३० डॉलर भरा, कंपनीच्या खात्यात आपली सेटिंग जमा करा, नाहीतर कंपनीचे हजार बक्षीस गुण मोजा. युरोपातल्या ग्राहकांनी आवाज उठवला, त्यांना ती मुदत फुकट मिळाली. आपण आवाज उठवला नाही.

हेच विंडोज १० २०१५ साली आलं, तेव्हा शिकागोच्या परिषदेत कंपनीच्याच एका माणसाने व्यासपीठावरून सांगितलं होतं, की हे शेवटचं विंडोज. लोकांनी विश्वास ठेवला. सहा वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०२१ ला, विंडोज ११ आलं आणि सोबत अटी आल्या. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची किल्ल्या सांभाळणारी चिप, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आठवी पिढी बाजारात आली ती ऑगस्ट २०१७ मध्ये. म्हणजे त्या वर्षीच्या दिवाळीत ज्याने सातव्या पिढीचा लॅपटॉप घेतला, हप्ते फेडले, मुलीला बारावीला वापरायला दिला, त्याचं यंत्र चार वर्षांत अपात्र.

सुरक्षेचं कारण खोटं आहे असं मी म्हणत नाही. टीपीएम उपयोगाची चीज आहे. पण नियम सुरक्षेचा असेल तर तो सगळ्यांना सारखा हवा. सातव्या पिढीचा एक प्रोसेसर, आय७-७८२०एचक्यू, मागाहून पात्र यादीत घेतला गेला. का? तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या महागड्या यंत्रात होता. कंपनीच्या दारात नियम वाकला. तुमच्या-माझ्या दारात तो ताठ उभा आहे.

असं पूर्वीही झालंय. २००७ साली व्हिस्टा आलं, जड होतं, आणि एक्सपी दुकानातून उठवायचं ठरलं होतं. त्याच वर्षाच्या शेवटी तैवानच्या असुसने ईईई पीसी काढला. सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, ४ जीबीची साठवण, आणि आत लिनक्स. छोटं, स्वस्त, हातात मावणारं यंत्र लोकांनी उचललं. व्हिस्टा त्यावर चालणं शक्य नव्हतं. मग काय झालं? २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने याच छोट्या यंत्रांसाठी एक्सपीची मुदत वाढवली. बाजार हातचा जाताना दिसला, तेव्हा ‘जुनी’ सिस्टीम पुन्हा उभी राहिली. जुनं म्हणजे काय, हे यंत्र ठरवत नाही आणि तुम्हीही ठरवत नाही. हिशेब दुसरीकडे होतो.

आणखी एक आकडा देते. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम लागायची. विंडोज ११ ला ४ जीबी लागते. सव्वीस वर्षांत हजारपट. या हजारपटीत पडदा मोठा झाला, व्हिडिओ आला, सुरक्षा आली, हे सगळं खरं. पण तलाठ्याला लिहायचा अर्ज हजारपट लांब झालेला नाही. गणिताच्या बाईंना निकालपत्रक करायला जे लागतं ते तेव्हाही तेवढंच होतं.

आता उलट बाजू. ती तितक्याच जोरात सांगायला हवी, नाहीतर माझं म्हणणं अर्धवट समजून कुणाचं तरी नुकसान होईल.

जुन्या यंत्रावर जुनी विंडोज ठेवून इंटरनेटला जोडू नका. “आमचं एक्सपी अजून मस्त पळतं” असं अभिमानाने सांगणारी माणसं मला तालुक्याच्या बाजारपेठेत हमखास भेटतात. पळतं, मान्य. पण त्याची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला संपली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. एक्सपीवर चालणारं शेवटचं क्रोम २०१६ चं, विंडोज ७ वरचं शेवटचं क्रोम १०९, जानेवारी २०२३ चं. त्यावर बँकेचा व्यवहार करायचा म्हणजे कडी निघालेल्या दारामागे दागिने मोजत बसायचं.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, आंध्र प्रदेशच्या पोलीस ठाण्यांतले कॉम्प्युटर त्यात सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्याने न्हावा-शेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं, कंटेनरच्या रांगा लागल्या. दोन्ही हल्ल्यांनी विंडोजमधलं एकच भोक वापरलं, आणि ते बुजवणारी दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये आलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते पहिले सापडले, आणि मग त्यांच्यामुळे शेजारचेही. देखभालीला किंमत असते ती अशी.

तसंच ते पेनड्राइव्हवरून मिळणारं ‘लाइट’ विंडोज. गल्लीतला हार्डवेअरवाला पोरगा फॉरमॅट मारतो, कुणीतरी कापून-छाटून हलकं केलेलं विंडोज टाकतो, वर ॲक्टिव्हेटर चालवतो आणि तीनशे रुपये घेतो. त्यात काय काढलं आणि काय घातलं, हे त्यालाही माहीत नसतं. विंडोज ११ च्या अटी चुकवून ते जुन्या यंत्रावर चढवायच्या युक्त्याही आहेत. अशा यंत्राला अपडेट मिळतील याची हमी नाही, असं कंपनी स्वतः सांगते. त्यातही २०२४ सालच्या आवृत्तीपासून कोअर टू ड्युओसारख्या प्रोसेसरवर ती युक्तीही चालत नाही, कारण लागणारी एक सूचनाच त्या प्रोसेसरला येत नाही. घरी प्रयोग म्हणून ठीक. शाळेत नको.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. यंत्र जुनं असू द्या, त्यावरची सिस्टीम आजची हवी आणि हलकी हवी. अशी सिस्टीम आहे, फुकट आहे, आणि ती टाकायला कुणाची परवानगी लागत नाही.

शाळेत आम्ही काय केलं ते सविस्तर सांगते, कारण बहुतेक लोक इथेच घाबरतात.

अकरांपैकी नऊ यंत्रं २०१२ ची. पेंटियम प्रोसेसर, २ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती डिस्क. दोन त्याहून जुनी, कुणा दात्याने दिलेली पेंटियम ४. आम्ही सगळे सीपीयू ओट्यावर आणून उघडले. आत धुळीचा थर, एकात पालीची अंडी, एका पंख्यात पोत्याचा धागा गुंडाळलेला. रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ झाडली. नऊपैकी जे दोन सुरूच होत नव्हते, त्यातलं एक बटण दाबल्यावर लांब-लांब बीप देत होतं. रॅम काढली, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, पुसून परत बसवली. यंत्र सुरू झालं. आठवीतली जी मुलगी रबर घेऊन उभी होती, तिने तो रबर उलटा करून पाहिला, काळा झाला होता. तिला वाटलं होतं काहीतरी मोठं औजार लागेल. दुसऱ्याच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून वर आले होते. त्याला आम्ही हात जोडले आणि त्याची रॅम शेजारच्याला दिली.

मग तारखा. सहा यंत्रं सांगत होती, आज १ जानेवारी २०१२. तारीख चुकली की ब्राउझर एकही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही, कारण प्रमाणपत्रांच्या मुदती त्याला जुळत नाहीत. बाई म्हणायच्या, नेट गेलंय. नेट होतं. मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपला होता. घड्याळाच्या दुकानात मिळतो. सहा सेल बदलले आणि ‘गेलेलं’ नेट परत आलं.

खरा रोग मात्र डिस्कचा. फिरत्या डिस्कमध्ये वाचणारा काटा एकच. तो इकडून तिकडे पळत सेकंदाला शंभरएक फुटकळ कामं उरकतो. विंडोज १० सुरू होताना अपडेट शोधतं, व्हायरस तपासतं, फायलींची सूची करतं, सगळं एकदम. रेशन दुकानात खिडकी एक आणि रांग वेशीपर्यंत, अशी गत. मी घड्याळ लावून पाहिलं. बटण दाबल्यापासून वर्ड उघडून पहिलं अक्षर उमटेपर्यंत सहा मिनिटं. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली सहा मिनिटं. एसएसडीत काटा नसतोच, तिथे हजारो कामं एका सेकंदात होतात. आठ लहान एसएसडी घेतल्या, लोकवर्गणीतून. त्या पैशांत नवा एकही कॉम्प्युटर आला नसता.

सिस्टीम निवडताना मी हट्ट धरला नाही. ज्या यंत्रात ४ जीबी रॅम जमली त्यावर लिनक्स मिंट, त्याच्या एक्सएफसीई या साध्या अंगरख्यात. २ जीबीवाल्यांवर अँटीएक्स. ही डेबियनवर उभी सिस्टीम सुरू होऊन शांत बसली, की जेमतेम दोनशे एमबी रॅम घेते. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिली. डिस्कला धक्का न लावता पडदा, आवाज, नेट, माऊस, सगळं चालतंय का ते दहा मिनिटांत कळतं. पटलं तर टाकायची, नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढायचा. एवढी साधी परीक्षा निर्लेखनाच्या आधी कुणीच घेत नाही, याचा मला राग येतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हलकी सिस्टीम टाकली तरी ब्राउझर जडच राहतो. अँटीएक्स दोनशे एमबीत बसेल, पण चार-पाच पानं उघडली की फायरफॉक्स एकटाच एक जीबीच्या पुढे जातो. तिथे झेडरॅम कामाला येतं. रॅमचाच एक भाग राखून त्यात वापरात नसलेलं सामान दाबून, घडी करून ठेवतं. एका खोलीच्या संसारात सकाळी गाद्या गुंडाळून कोपऱ्यात लावतात आणि तीच खोली दिवसा बैठकीची होते, तसं. मुलांना मी सांगितलं, एका वेळी तीनच पानं. त्यांनी ऐकलं. बाईंना अजून सवय लागायची आहे.

प्रिंटरने एक अख्खी दुपार खाल्ली. त्याच्या कंपनीने लिनक्ससाठी दिलेलं ड्रायव्हर जुनं, नव्या सिस्टीमशी पटेना. शेवटी चाललं, पण चौथ्या प्रयत्नात. हे लपवणार नाही. लिनक्स टाकलं आणि सगळं आपोआप झालं, असं सांगणारा माणूस दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही.

मग मराठी. माझ्यासाठी हीच खरी कसोटी होती. मांडणीत मराठी इनस्क्रिप्ट जोडलं आणि मुलीला लिहायला सांगितलं: तऱ्हा, दऱ्या, सुऱ्या, किल्ल्या. शिफ्टसह जे दाबला की ऱ, डी दाबला की पाय मोडतो, पुढे ह. पडद्यावर ‘तऱ्हा’ आलं, ऱ डोळ्याच्या पापणीसारखा नीट वळलेला. मला १९९९ आठवलं. तेव्हा एवढं एक अक्षर जोडायला आम्ही चार्ट उघडून कोड शोधायचो.

मी साताऱ्यातल्या एका छापखान्यात आठ वर्षं डीटीपी केलंय. पेजमेकर, श्रीलिपी, ब्रोमाइड, बटर पेपर. म्हणून जुन्या सिस्टीमच्या बाबतीत मी एक अपवाद करते, आणि तो मनापासून करते. पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठांत, सांगली-कोल्हापूरच्या छापखान्यांत आजही कोपऱ्यात एखादं एक्सपीचं यंत्र दिसेल. मालक चिकट म्हणून ते तिथे नाही. त्या काळच्या मराठी फाँटमध्ये अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. फाँट काढला की ‘मराठी’ची जागा इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुसा घेतो. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, सातवी. त्याला युनिकोड कधीच आलं नाही. वर सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक, आणि सुरुवातीचे लॉक प्रिंटरच्या जाड, पंचवीस टाचण्यांच्या पोर्टात बसायचे. आजच्या यंत्राला तो पोर्टच नाही. म्हणजे यंत्र गेलं, की लॉक गेला, लॉक गेला की फाँट गेला, आणि फाँट गेला की वीस वर्षांचे दिवाळी अंक, गावोगावचे इतिहास, कुलवृत्तांत, कवितासंग्रह डिस्कवर असूनही वाचता येत नाहीत.

अशा यंत्राचं निर्लेखन म्हणजे कपाटासकट पुस्तकं भंगारात देणं. ते ठेवा. नेटची वायर काढून ठेवा, पेनड्राइव्ह दुसऱ्या यंत्रावर तपासूनच लावा. आणि आजच, यंत्र चालतंय तोवर, दोन कामं करा. डिस्कची जशीच्या तशी प्रत काढा. आणि मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये उतरवा, मग डोळ्यांत तेल घालून वाचा. रूपांतरात रफार सरकतो, ऱ चा र होतो, जोडाक्षरं फुटतात. मुद्रितशोधकाशिवाय हे काम होत नाही. युएसबी लॉक असेल तर नव्या यंत्रावर आभासी यंत्र करून त्यात एक्सपी चालवता येतं, मी तसं केलेलं आहे. जुन्या पोर्टाचा लॉक असेल तर ती वाट फार बिकट, तिथे मूळ यंत्रच सांभाळायचं. मराठी प्रकाशकांनी एकत्र येऊन हे करायला हवं होतं. दर वर्षी दोन-चार कपॅसिटर फुगतात, दोन-चार डिस्क जातात, आणि प्रत्येकीबरोबर काही पुस्तकं जातात.

एक्सपीवरच युनिकोड मराठी वाचायचं तरी काय झंझट होतं! कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची खूण करायची, मग ते मूळ सीडी मागायचं. सीडी कुणाकडे असायची? म्हणून वेलांटी अक्षराच्या मागे पडलेली, रफार लटकलेला, असं मराठी किती वर्षं लोकांनी पाहिलं. आज फुकटच्या लिनक्समध्ये मराठी पहिल्या दिवसापासून नीट दिसतं, ते आकाशातून पडलेलं नाही. लोहित फाँट आहे, आणि एक टाइपच्या मुंबईतल्या मंडळींनी केलेला, सगळ्यांना खुला असलेला ‘मुक्त’ हा फाँटही आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. काम झालेलं आहे. ते शाळेच्या दारापर्यंत न्यायचं राहिलंय.

केरळने ते नेलं. २००१ मध्ये तिथे आयटी अ‍ॅट स्कूल सुरू झालं, पुढे त्याचं काइट झालं. शाळांसाठी त्यांनी उबुंटूवर आधारित स्वतःची सिस्टीम केली, त्यात मल्याळम, शाळेचे धडे, शिकवायची साधनं, सगळं घातलं. २०१९ ची आवृत्ती दोन लाखांवर शालेय कॉम्प्युटरसाठी होती आणि तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा सरकारचा दावा होता. आकड्यावर वाद घालता येईल. पण तिथला शिक्षक फॉरमॅट मारायला गल्लीतल्या पोराला बोलवत नाही, याचं मोल मला जास्त वाटतं. त्याला प्रशिक्षण दिलंय.

आपल्याकडे काय कमी आहे? सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे. याच सी-डॅकने बॉस ही भारतीय लिनक्स केली, शाळांसाठी एज्युबॉस केलं. मी फिरलेल्या एकाही जिल्हा परिषद शाळेत मला ते दिसलं नाही. एमएस-सीआयटीने गावोगावी माणसांच्या हातात माऊस दिला, माझ्या वहिनीची नोकरी त्या प्रमाणपत्रावर टिकली, हे ऋण मी विसरणार नाही. पण त्या पिढीच्या डोक्यात कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि लिहिणं म्हणजे वर्ड असं घट्ट बसलं. म्हणून चालतं यंत्र समोर असताना शहाणा माणूस म्हणतो, “विंडोज चढत नाही, म्हणजे भंगार.” मुख्याध्यापकांची निम्मी कामं आज ब्राउझरमध्ये होतात. यूडायस भरायला, शालार्थ उघडायला आत कुठली सिस्टीम आहे हे कोण विचारतं? अडतं ते डिजिटल सहीच्या टोकनपाशी, बोटांच्या ठशाच्या यंत्रापाशी, कारण पुरवठादार फक्त विंडोजचं ड्रायव्हर देतो. सरकारने खरेदीच्या अटीत एक ओळ घातली, की लिनक्सवर न चालणारं उपकरण घेणार नाही, तर ते ड्रायव्हर महिन्याभरात तयार होईल. ती ओळ घाला.

दोन पेंटियम ४ चं काय केलं? त्यातलं एक सुरू होत होतं. मी त्याला यादीतच राहू दिलं. ५१२ एमबी रॅम, ३२ बिटचा प्रोसेसर, आणि तो एकटाच ऐंशीहून जास्त वॅट खातो. आमच्याकडे शाळा इन्व्हर्टरवर चालते. शिवाय ३२ बिटची दारं लिनक्सच्या वस्तीतही बंद होत चालली आहेत. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही, आणि फायरफॉक्सनेही त्याच वर्षी १४४ व्या आवृत्तीनंतर ३२ बिट लिनक्स सोडलं. मला त्याचं वाईट वाटतं, पण तिथे राग येत नाही. वीस वर्षं सांभाळलं, आधी सांगितलं आणि मग सोडलं. जाणाऱ्याला निरोप असा द्यावा.

ही दोन यंत्रं आणि फुगलेल्या कपॅसिटरवालं एक, अशी तीन रीतसर ई-कचऱ्यात जातील. भंगारवाल्याला किलोवर देणार नाही, हे मी सरांकडून कबूल करून घेतलंय. दिल्लीच्या सीलमपूरला अशी यंत्रं हातोड्याने फोडून, तारा जाळून तांबं काढतात. तो धूर आपल्या मुलांच्या वयाची पोरं घेतात.

उरली आठ. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सहावीचा तास होता. बटण दाबल्यापासून लिबरऑफिस उघडेपर्यंत मी पुन्हा घड्याळ लावलं. बावन्न सेकंद. एका मुलाने विचारलं, “ताई, हा नवा आणला का?” सरांनी डेडस्टॉक रजिस्टर काढलं, आठ नोंदींवरची ‘कालबाह्य’ ही अक्षरं लाल शाईने खोडली आणि बाजूला सही केली. कोटेशन अजून टेबलावरच आहे. आता सरांनी त्यावर पेपरवेट ठेवलाय.

परवा शेजारच्या गावच्या मुख्याध्यापक बाईंचा फोन आला. त्यांच्याकडे चौदा आहेत, समिती पुढच्या आठवड्यात बसतेय. “पेनड्राइव्ह घेऊन येता का?” शनिवारी सकाळची शाळा असते. पहिल्या एसटीने निघतेय. पिशवीत पेनड्राइव्ह, ब्रश, स्क्रू ड्रायव्हर, सीआर२०३२ चे दहा सेल आणि दोन खोडरबर.